सल्ला सावलीचा, रोजी उन्हातली

देवळाली कॅम्प : हवापालटासाठी पिढ्यान् पिढ्या ख्यातकीर्त असलेल्या देवळालीच्या पंचक्रोशीतील शेती आजही मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या मजुरीवर उभी आहे. उन्हाळ कांद्याची काढणी आणि द्राक्षवेलींची खरड छाटणी ही कामे नेमकी कडक उन्हात येतात. वाढत्या तापमानाचा फटका सर्वांनाच बसतो. तरुण मातांना तो दुहेरी असतो. गरोदरपणात अतिउष्णतेमुळे मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो, तर स्तनदा मातेची पाण्याची गरज एरवीच अधिक असते.

अहमदाबादने २०१० मधील उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये कृती आराखडा आखला. पुढे इतर शहरांनीही तो मार्ग स्वीकारला. 'दुपारी बाहेर पडू नका' हा त्यातील सल्ला योग्यच. परंतु काम बुडाले की मजुरीही बुडते. प्रश्न माहितीचा कमी, रोजीचा अधिक आहे.

मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणाऱ्या पाच हजार रुपयांचा उन्हाच्या तीव्रतेशी संबंध नाही. उलट 'सेवा' या संघटनेच्या विमा योजनेत तापमानाने ठरावीक मर्यादा ओलांडताच, नुकसानीचा पुरावा न मागता भरपाई मिळते. २०२४ च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात व महाराष्ट्रातील सुमारे ५० हजार स्त्रिया तिच्या कक्षेत होत्या. रक्कम अल्प असली, तरी तत्त्व मोलाचे आहे.

गरोदर व स्तनदा मातांची नोंद अंगणवाडीकडे असतेच. उष्णतेच्या इशाऱ्याबरोबर बुडीत मजुरीही तिच्या हाती पडली, तरच सावलीत बसणे तिला परवडेल.