पंचनामा फक्त पिकाचाच का?

अतिवृष्टी झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात. सोयाबीन किती गेलं, कापूस किती सडला, याचा पंचनामा होतो. मदत तोकडी असते, उशिरा येते. पण नुकसान झालं हे सरकारदप्तरी नोंदलं तरी जातं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्याने हे सगळं पुन्हा एकदा पाहिलं. याच काळ्या मातीत आणखी एक पीक उभं असतं. ते गेलं तर पंचनाम्याला कुणीही येत नाही. ते पीक म्हणजे विद्यार्थ्याचा संशोधनाचा प्रयोग.

परभणीहून मनमाडकडे निघालं की पेडगावचं स्टेशन लागतं. पेडगावसारख्या गावांसाठी परभणीचं कृषी विद्यापीठ घरचंच. १९७२ साली ते उभं राहिलं. एमएयूएस ७१ हे सोयाबीन, परभणी मोती ही ज्वारी ही वाणं इथलीच. अशा गावातला, घरातला पहिलाच पदवीधर असलेला पोरगा किंवा पोरगी एम.एस्सी., पुढे पीएच.डी. करू लागते, तेव्हा घराला वाटतं, पोरगं मार्गी लागलं.

त्याचं काम कसं असतं, हे घरात क्वचितच कुणाला ठाऊक असतं. जूनमध्ये प्लॉट आखायचे. प्रत्येक उपचाराची तीन-चार रेप्लिकेशन्स. प्रत्येक प्लॉटमधली पाच झाडं निवडून त्यांना टॅग बांधायचे. ठरल्या दिवशी त्यांची उंची, फांद्या, शेंगा मोजायच्या. झाडं उपटून ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजनं घ्यायची. सणवार, पाऊस, ताप काहीही असो, निरीक्षणाची तारीख चुकवता येत नाही. मग ऑगस्टात पावसाचा खंड पडतो किंवा सप्टेंबरात वाफ्यात तीन दिवस पाणी साचतं. टॅग बांधलेली झाडंच गेली, तर आकडेवारी कशाची लिहायची? खरीप पुन्हा पुढच्या जूनला. वर्ष गेलं. बापाचं सोयाबीन गेलं तर गाव हळहळतं. पोराचा प्रयोग गेला तर घरचे विचारतात, "अजून किती वर्षं शिकणार आहेस?" आणि गाईड विचारतात, "तू लक्ष कुठं ठेवलं होतंस?"

इथून पुढे जे सुरू होतं त्याला आपण टेन्शन म्हणून मोकळे होतो. टेन्शन काम झालं की उतरतं. डिप्रेशन तसं उतरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहणं, आवडीच्या गोष्टीत रस न उरणं, झोप आणि भूक बिघडणं, लक्ष न लागणं, सगळा दोष आपलाच वाटणं ही त्याची डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणं. संशोधकाच्या बाबतीत ती वेगळ्या रूपात दिसतात. लॅपटॉप उघडतो, पण थिसिसची फाईल उघडत नाही. गाईडच्या केबिनवरून जावं लागू नये म्हणून मागच्या जिन्याने ये-जा सुरू होते. घरचा फोन वाजून वाजून बंद पडतो. दिवाळीला सगळं होस्टेल रिकामं होतं आणि हा मात्र 'काम आहे' म्हणून तिथंच थांबतो. बघणाऱ्याला तो आळशी वाटतो.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रांतात ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३२ टक्के विद्यार्थ्यांना मानसिक आजाराचा, विशेषतः डिप्रेशनचा, धोका असल्याचं आढळलं. पुढच्याच वर्षी २६ देशांतल्या २,२७९ जणांची, बहुतांशी पीएच.डी. विद्यार्थ्यांची, पाहणी आली. तिच्यात ३९ टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र डिप्रेशनची लक्षणं दिसली. ही दुसरी पाहणी ऑनलाइन होती. ज्यांना त्रास होता त्यांनीच ती जास्त भरली असेल, ही शंका रास्त आहे. तरी दोन्ही पाहण्यांनी एका गोष्टीकडे बोट दाखवलं: गाईड कसा आहे, यावर बरंच काही ठरतं. पहिलीने तर कामावर विद्यार्थ्याचा ताबा किती आहे, याकडेही.

आपल्याकडे हा ताबा जवळपास शून्य. सिनॉप्सिसवर सही गाईडची, प्रगती अहवालावर गाईडची, फेलोशिपच्या कागदावर गाईडची, शेवटी थिसिसवरही त्यांचीच. गाईड भला असेल तर नशीब. नसेल तर तक्रार कुणाकडे करायची? ज्या विभागात तक्रार करायची, तिथेच पुढची तीन वर्षं काढायची असतात. म्हणून कुणी करत नाही.

त्यात पैशाची कथा. यूजीसीच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. पण ती मोजक्यांनाच मिळते. बाकीच्यांची भिस्त बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर. या फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ला चाळणी परीक्षा झाली, तेव्हा २०१९च्या सेट परीक्षेचाच पेपर दिल्याचं विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं. १० जानेवारी २०२४ला फेरपरीक्षा झाली, तिच्यावरही अनेक ठिकाणी बहिष्कार पडला. त्याआधी, २०२३च्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला आणि गदारोळ झाला. गदारोळ शमला, पण तो सवाल आजही घराघरांत विचारला जातो. मुलींना तर त्याच्या जोडीला लग्नाचाही विचारला जातो. एवढं सगळं करून पुढे काय, तर तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी.

अशा माणसाला 'सकारात्मक विचार कर, योगा कर' म्हणणं ही थट्टा आहे. योगाने बरं वाटत असेल तर जरूर करावा. पण ज्याला आठ महिने फेलोशिपचे पैसे मिळालेले नाहीत, त्याच्या मनाची डागडुजी करत बसण्याआधी त्याचे पैसे द्या.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ला शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, हे त्यातलं एक. चांगलंच आहे. मात्र आपल्या संस्थांची चाल बघता हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून पडण्याचीच शक्यता जास्त. आणि तो प्राध्यापक त्याच विद्यार्थ्याचा गाईड निघाला, तर विद्यार्थी काय बोलणार?

मराठवाड्याला मनाची विचारपूस करण्याचं काम नवं नाही. शेतकऱ्यांसाठी इथे 'प्रेरणा प्रकल्प' आला. आशाताईंनी घरोघरी जाऊन माणसांच्या मनाची चौकशी केली, गरज दिसली त्यांना दवाखान्याची वाट दाखवली. शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जाता येतं, तर त्याच्या पोराच्या होस्टेलपर्यंत जाणं अवघड का असावं?

मागण्या साध्या आहेत. फेलोशिप दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात पडावी. प्रत्येक संशोधकाला गाईडबरोबर दुसरा मार्गदर्शक असावा, आणि गाईड बदलून मागणं हा गुन्हा ठरू नये. समुपदेशक संस्थेच्या बाहेरचा असावा, त्याच्याकडच्या नोंदी विभागप्रमुखाच्या टेबलावर जाऊ नयेत. आणि पावसाने प्रयोग बुडाला तर विद्यापीठाने त्याचा रीतसर पंचनामा करून मुदत आणि फेलोशिप दोन्ही वाढवून द्यावी. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

तोवर घरच्यांसाठी एक विनंती. संशोधन करणारं पोरगं सणाला आलं नाही, फोन उचलत नसेल, तर 'कधी संपणार' हे विचारू नका. जाऊन भेटा, सोबत जेवा, झोप लागते का ते विचारा. गरज वाटली तर सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.