नोंदवही आणि दवंडी

चावडीत नोंदवही असते आणि गावात दवंडी पिटली जाते. दोहोंचे काम वेगळे. नोंदवही कोणीही उघडून पाहावी. दवंडी मात्र साऱ्या गावाशी संबंध असेल त्याच गोष्टीची. नोंदवहीतल्या ओळी-ओळीची दवंडी देणाऱ्या कोतवालाकडे चार दिवसांत कोणी ढुंकूनही पाहणार नाही.

मुक्त संगणकप्रणालींच्या मराठीकरणात नेमके हेच घडते. मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून आम्ही दोघे-तिघे मराठीचे अध्यापक अशा एका प्रकल्पाला भाषेची मदत करीत होतो. दोष नोंदवला, त्याचा अग्रक्रम बदलला, तो कोणाकडे सोपवला, पुन्हा उघडला. प्रत्येक हालचालीचे यंत्रलिखित पत्र प्रत्येकाच्या ईमेलात येऊन पडे. त्याच ढिगाऱ्यात एक खरा प्रश्न गाडला गेला: ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला र वेगळा दिसणे आवश्यक आहे काय? एक गुरू आणि दुसरा स्वयंपाकी, हे मराठीच्या कोणत्याही शिक्षकाने क्षणात सांगितले असते. युनिकोडमध्ये दोन्ही लिहिण्याची सोय आहे; अडचण तंत्राची नव्हतीच. उत्तर आले नाही म्हणून दोष निकाली निघाला. आम्ही ते पत्र वाचलेच नव्हते. तोवर वाचणेच सोडले होते.

यावर पारदर्शकतेचा दाखला दिला जातो. पण पारदर्शकता वही उघडी ठेवण्यात असते, ती कानाशी ओरडून वाचण्यात नव्हे. ‘नको असेल त्याने चाळणी लावावी’ हा दुसरा युक्तिवाद. म्हणजे पाठवणाऱ्याने निवडायचे श्रम वाचवायचे आणि ते फुकट राबणाऱ्याच्या माथी मारायचे! शिवाय चाळणीतून नकोशाबरोबर हवे तेही गळून जाते.

तोडगा काही नवा नाही. डेबियन प्रकल्पाची दोषनोंद १९९०च्या दशकापासून ईमेलवरच चालते. तरीही तक्रार जाते ती त्या-त्या पॅकेजच्या सांभाळकर्त्याकडे. सगळ्याच तक्रारी वाचण्याची हौस असणाऱ्यांसाठी वेगळी यादी आहे. बगझिलातही कोणत्या बदलाचे पत्र हवे, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

तेव्हा यंत्राच्या सूचना ज्याने मागितल्या त्यालाच जाव्यात. जिथे भाषेचा निर्णय हवा, तिथे माणसाने दोन वाक्ये लिहून माणसांना विचारावे आणि उत्तर मिळाल्याखेरीज प्रश्न निकाली काढू नये. आमच्या मौनाला संमती समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आम्ही गप्प नव्हतो. त्या गलक्यात आम्हांला कोणी विचारलेलेच ऐकू आले नव्हते.