जोडणी पोहोचली, धूर हटला का?

चूल म्हणजे घराचे हृदय, असे आपण मानत आलो. मात्र त्याच चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या गृहिणीच्या डोळ्यांतले पाणी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या संसाराचा एक भाग म्हणून स्वीकारले. हा धूर केवळ त्रासदायक नाही, तर प्राणघातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील प्रदूषित हवेने जगभरात सुमारे ३२ लाख बळी घेतले. त्यांत दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती.

उपाय झाले नाहीत, असे नाही. १९८० च्या दशकात शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कोट्यवधी चुली वाटल्या गेल्या. पण पुढे अनेकींना तडे गेले, धुरांडी काजळीने बुजली आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे आठ कोटीवी जोडणी दिली गेली. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. तरीही २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबांनी वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरून घेतले. सिलिंडर कोपऱ्यात आणि भाकरी चुलीवर, हेच अनेक घरांतले चित्र राहिले.

याचे एक कारण दारिद्र्य, हे उघड आहे. सिलिंडरला एकरकमी पैसे मोजावे लागतात; सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या 'फुकट' मिळतात. २०२३ मध्ये अनुदान प्रतिसिलिंडर ३०० रुपये झाले, ते याचसाठी. परंतु सरपण खरोखर फुकट असते काय? डोक्यावरची मोळी, त्यात गेलेले तास आणि जडलेला खोकला यांची किंमत घरच्या हिशेबात धरलीच जात नाही, कारण ती स्त्री मोजते आणि पैशाची थैली बहुधा पुरुषाच्या हाती असते.

शासन जोडणी देऊ शकते. गृहिणीच्या श्वासाचे मोल ठरवायचे ते कुटुंबाने आणि समाजाने. गावोगावी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी यापुढे 'गॅस आहे का?' एवढेच विचारून थांबू नये. 'मागचे सिलिंडर कधी आणले आणि आजची भाकरी कशावर भाजली?' हे विचारावे. आणि तेही घरातल्या कर्त्या पुरुषाला.