लोणारला दर्शन कोणाचे?

आपल्या घरातला प्रवास म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि उरलेसुरले लग्नकार्य. दीक्षाभूमीला जायलाच हवे. पण केवळ काही पाहावे, समजून घ्यावे म्हणून मुलांना बाहेर नेण्याची रीत आपल्यात अजून रुजलेली नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतल्या मुलांना लोणारला न्यायचे ठरविले. अकोल्याहून मालेगाव, मेहकर करीत एसटीने जाता येते. मजुरी करणाऱ्या एका ताईने विचारले, "भाऊ, तिथं दर्शन कोणाचं हाये?" आम्ही म्हणालो, "कोणाचंच नाही, एका खड्ड्याचं." ताईला नवल वाटले. पण रोजी बुडवून तीही मुलीसोबत आली.

काठावर उभे राहिलो. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा आणि तळाशी खारे पाणी. तिथे एक गृहस्थ सांगू लागले की, विष्णूने लवणासुराला मारले, तीच ही जागा. ताईची सातवीतली मुलगी म्हणाली, "मंग काका, राक्षसाची हाडं कुठी हायेत?" गृहस्थ गप्प झाले.

पोरी, हाडे नाहीत, पण पुरावा आहे. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर आकाशातून उल्का आदळली. धक्का इतका जबर की दगडातल्या खनिजाची काच झाली. तिला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या नुसत्या उष्णतेने ती होत नाही. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७३ साली हा पुरावा जगापुढे मांडला. चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायलाही लोणार उपयोगी पडते. खड्ड्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे सांगत, नव्या मोजणीत ते सुमारे पावणेसहा लाख निघाले. विज्ञान आपली चूक दुरुस्त करते, पोथी करीत नाही.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. लोक चमत्कार म्हणू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव सापडले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. म्हणून तिथला दगड उचलू नये, कचरा टाकू नये.

सांगोवांगी आले म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ पासून राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये नागरिकाचे कर्तव्य आहे. कर्तव्य नुसते पाठ करून भागत नाही, मुलांना त्याची सवय लावावी लागते.

परतताना ताई म्हणाली, "भाऊ, दर्शन झालं. पोरीच्या डोक्याचं."

वाचकहो, आठवड्याला दहा-वीस रुपये बाजूला टाका. पुढच्या सुटीत अकोलेकरांनी लोणार आणि अमरावतीकरांनी मेळघाट मुलांना जरूर दाखवावे. मुलांनी प्रश्न विचारले तर रागावू नका. उत्तर येत नसेल तर त्यांच्यासोबत शोधा. आम्हीही तसेच शिकलो.

जय भीम!