रानाची जमीन आणि सैनिकाचें ऋण

गेल्या महिन्यांतील गोष्ट. सकाळची पूजा आटोपून मी ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. इतक्यांत एक उंचापुरा गृहस्थ दाराशीं आला आणि वाकून नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, ओळखलंत का मला?" कन्नड तालुक्यांतील ज्या खेड्यांत मीं उमेदीचीं वर्षें शाळामास्तरकींत घालविलीं, तेथला हा माझा विद्यार्थी. सैन्यांत शिरला, सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि आतां गांवीं परत येऊन शेती पाहतो. चहा झाल्यावर त्यानें पिशवींतून कोरे कागद काढले. "एक अर्ज लिहून द्या. माझं शुद्धलेखन तुम्हांला ठाऊकच आहे."

त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. गांवांत आणि आसपासच्या वाड्यांवर माजी सैनिकांचीं बरीच घरें आहेत. कांहीं घरांत आतां केवळ त्यांच्या विधवा उरल्या आहेत. माजी सैनिकांसाठीं २००३ सालीं सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेचा दवाखाना आहे तो छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे सुमारें ६० किलोमीटरांवर. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसानें औषधासाठीं एस. टी. नें तेवढें यावें आणि तेवढेंच परत जावें. गांवाला लागून वनखात्याची जमीन आहे. तींत घाणेरी आणि दगड यांवांचून कांहीं नाहीं. तींतील १० एकर ग्रामपंचायतीच्या नांवें करून द्यावी. तेथें दवाखाना, सभागृह आणि मुलांसाठीं वसतिगृह बांधूं. रस्त्याच्या कडेला कांहीं गाळे काढून त्यांच्या भाड्यावर सगळा खर्च चालवूं. "जमीन नुसती पडीक आहे, गुरुजी. कुणाच्याच उपयोगाची नाहीं."

मागणींत मला पाप दिसलें नाहीं. ज्यानें आयुष्याचीं ऐन वर्षें सरहद्दीवर काढलीं, त्याला म्हातारपणीं औषध दाराशीं मिळावें, यांत अधिक तें काय? खटकला तो केवळ एक शब्द: पडीक.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, 'भूमिच्छिद्रविधान' नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे. जी भूमि नांगराखालीं येत नाहीं तिचें काय करावें, एवढाच त्याचा विषय. राज्याचा पै-पैसा मोजणारा तो कठोर पुरुष. अशी भूमि निरुपयोगी म्हणून कोणास तरी देऊन टाका, असें तोच म्हणेल अशी आपली अपेक्षा असते. पण तो आरंभींच सांगतो कीं, अशा जागीं गुरांसाठीं कुरणें राखावीं. पुढें वेदाध्ययनाचीं आणि तपस्व्यांचीं अरण्यें, राजाचें मृगवन, लांकूड वगैरे वनोपज देणारीं रानें, सरहद्दीवरचें हत्तींचें वन, अशी सारी वांटणी तो करून देतो. जिला पीक नाहीं तिलाही काम आहे, हा त्या प्रकरणाचा इत्यर्थ.

तितक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. एकत्र कुटुंबाच्या वाड्यांत एखादी खोली वर्षांतून दहा महिने कडी घातलेली असते. घरांतला एखादा व्यवहारी तरुण म्हणतो, "रिकामीच आहे, भाड्यानें देऊं." तेव्हां घरांतली वडीलधारी बाई म्हणते, "ती लेकींची खोली आहे." दिवाळसणाला, बाळंतपणाला, क्वचित् डोळे पुसण्याला लेक येते तेव्हां त्या खोलीचा उपयोग कळतो. रानाचेंही तसेंच आहे. आपल्या मराठवाड्यांत वनाचें आच्छादन शेकडा पांचांच्याही आंत आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें देशापुढें ठेवलेलें प्रमाण एकतृतीयांशाचें आहे. सुभेदार ज्या माळाला पडीक म्हणत होता, तो मीं पाहिलेला आहे. त्यावरचें पावसाचें पाणी ज्या ओढ्याला उतरतें, त्याच्याच कांठीं गांवाच्या विहिरी आहेत.

मीं त्याला कायद्याची बाजू समजावून सांगितली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें 'वनें' हा विषय राज्यसूचींतून समवर्ती सूचींत आला आणि १९८० सालीं वन संवर्धनाचा कायदा झाला. २०२३ सालीं त्यांत दुरुस्त्या झाल्या, नांवही पालटलें. पण मूळ तत्त्व कायम आहे कीं, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवांचून राज्याला वनजमीन दुसऱ्या कामास सहसा देतां येत नाहीं. संमति मिळाली तरी तेवढ्याच वनेतर जमिनीवर, किंवा ठराविक प्रसंगीं दुप्पट उजाड रानांत, झाडें लावून भरपाई करावी लागते; शिवाय रानाचें वर्तमान मूल्य म्हणून ठरलेली रक्कम भरावी लागते. आणि इतकें करूनही जमिनीचा दर्जा वनाचाच राहतो. तेव्हां ग्रामपंचायतीच्या नांवें १० एकर "करून देणें" हा प्रकार साध्या अर्जानें होण्यासारखा नव्हे.

सुभेदारानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "गुरुजी, खाणींना, धरणांना, मोठ्या रस्त्यांना शेकडों हेक्टर रान मिळतं. ते पैसे भरतात आणि घेऊन जातात. आम्हीं १० एकर मागितले कीं कायदा आडवा येतो. आमच्याजवळ पैसे नाहींत, एवढाच ना आमचा गुन्हा?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुरतें उत्तर आजही नाहीं. एकाला दार मोठें आणि दुसऱ्याला लहान, हा अन्याय खराच. परंतु त्यावर उपाय म्हणून सर्वांनाच मोठें दार उघडलें तर काय होतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत ताजें आहे.

पुण्याजवळच्या कोंढवा बुद्रुक येथील एक जमीन १८७९ सालीं राखीव वन म्हणून जाहीर झाली. १९३४ सालीं तींतील थोडा भाग वगळण्यांत आला. बाकीची २९ एकर १५ गुंठे, म्हणजे ११.८९ हेक्टर, वनच राहिली. एका कुटुंबाची स्वतःची जमीन पूर्वीं सार्वजनिक कामासाठीं गेली होती. म्हणून १९६० नंतरच्या दशकांत ही वनजमीन त्याला एकसाली बोलीनें कसण्यास मिळाली. यांतही वरकरणीं पाहतां न्यायच होता. पुढें १९९८ सालीं ती त्याच कुटुंबास शेतीसाठीं म्हणून देण्यांत आली आणि वर्ष-सवा वर्षांतच एका गृहनिर्माण संस्थेस विकण्याची परवानगीही मिळाली. कोठें वर्षाच्या बोलीची शेती आणि कोठें इमारतींचा बेत! अखेर १५ मे २०२५ रोजीं तेव्हांचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानें हें जमीन देणें आणि विकूं देणें बेकायदा ठरविलें, जमीन वनखात्याकडे परत देण्यास सांगितलें आणि महसूल खात्याच्या ताब्यांतील राखीव वनें अशाच रीतीनें खाजगी हातीं गेलीं आहेत काय, याचा तपास करण्यासाठीं सर्व राज्यांस विशेष पथकें नेमण्याचा आदेश दिला.

यांतील बोध असा कीं, जमीन हातची जाते ती बहुधा वाईट कारणानें नव्हे, चांगल्या कारणानें जाते. वाईट कारण सांगून सरकारी जमीन मागण्याचें धाडस कोण करील? आरंभीं विस्थापिताचें दुःख असतें, सैनिकाचें ऋण असतें, विद्यार्थ्यांची सोय असते. दोन पिढ्यांनीं तें कारण विसरलें जातें आणि सातबारा तेवढा उरतो.

अमेरिकेंत या बाबतींत एक चांगली चाल आहे. तेथें संघराज्याची कांहीं जमीन शाळा, रुग्णालय, उद्यान अशा कामांसाठीं स्थानिक संस्थांस अल्प मोलानें देतां येते. १९२६ सालचा आणि १९५४ सालीं व्याप्ति वाढविलेला तो कायदा आहे. त्यांतील मर्म असें कीं, ठरलेलें काम सोडून जमीन भलत्याच कामाला लावली तर ती पुन्हा संघराज्याकडे जाते. राष्ट्रीय वनांना मात्र तो कायदा लागूच नाहीं.

मग सुभेदारानें रित्या हातानें परत जावें काय? नाहीं. आपल्याच कायद्यांत एक लहान दार आहे, आणि त्याला तेंच हवें होतें असें मला वाटतें. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमांत रानालगतच्या गांवांसाठीं १३ सोयींची यादी दिली आहे. शाळा, दवाखाना किंवा रुग्णालय, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, व्यवसाय-प्रशिक्षण केंद्र, समाजमंदिर इत्यादि सोयी तींत आहेत. प्रत्येक कामाला १ हेक्टराहून कमी जमीन, हेक्टरीं ७५ पेक्षां अधिक झाडें तोडावयाचीं नाहींत, सोय सरकारनें चालविलेली असावी, आणि ग्रामसभेची शिफारस हवी, अशा अटी आहेत. गाळे त्या यादींत नाहींत.

"म्हणजे अडीच एकरसुद्धां पुरते नाहींत!" सुभेदार म्हणाला.

"दवाखान्याला किती लागते?" मीं विचारिलें.

तो हिशेब करूं लागला आणि गप्प बसला. त्या दहा एकरांतील फार मोठा भाग दवाखान्यासाठीं नव्हता. गाळ्यांसाठीं आणि पुढें कधींतरी लागेल म्हणून होता. 'पुढें लागेल' या शब्दांनीं पुष्कळ जमिनी गिळल्या आहेत.

याच्या जोडीला मीं त्याला आपल्याच शहरांतील एका गोष्टीची आठवण करून दिली. १९८२ सालीं मसुरीच्या डोंगरांत, चुनखडीच्या खाणींनीं जे उतार सोलून काढले होते ते पुन्हा हिरवे करण्यासाठीं, माजी सैनिकांची एक पलटण उभारण्यांत आली. प्रादेशिक सेनेची ती १२७ वी, गढवालची पर्यावरण पलटण. त्याच धर्तीवर २०१७ सालीं आपल्या शहरांत १३६ वी, महार रेजिमेंटची पर्यावरण पलटण उभी राहिली आणि मराठवाड्याच्या बोडक्या डोंगरांवर माजी सैनिकांनीं खड्डे खणून झाडें लावलीं. या योजनेंत सैनिकाला रान दिलेलें नाहीं. रानाला सैनिक दिलेला आहे. त्यानें सैनिकाला पगार मिळाला, मान मिळाला आणि रानाला राखणदार मिळाला. जो माणूस उणें तापमानांत चौकी सांभाळतो, त्याला चार वर्षें रोपट्याला पाणी घालणें आणि शेळ्या हांकणें जड नाहीं.

वाचकहो, असे प्रस्ताव आपल्याही गांवांत येतील. सैनिकांसाठीं येतील, देवळासाठीं येतील, शिक्षणसंस्थेसाठींही येतील; आणि शिकलेल्या माणसाला अर्ज लिहून मागतील. तेव्हां लेखणी उचलण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. जमीन अखेर कोणाच्या नांवें राहणार? ठरलेलें काम बंद पडलें तर ती कोणाकडे परत जाणार? आणि कामाला लागते त्याहून अधिक कां मागितली आहे? हे प्रश्न विचारणें म्हणजे सैनिकाविषयीं अनादर नव्हे. देवाच्या नांवची पेटी उघडतांना आपण चार माणसें समोर बसवून पैसे मोजतों, तें देवावर अविश्वास म्हणून नव्हे.

त्या दिवशीं दुपारपर्यंत बसून आम्हीं अर्ज लिहिला. जमीन १ हेक्टराच्या आंत. ओढ्याची बाजू सोडून, रस्त्याकडची. दवाखाना जिल्हा परिषदेनें चालवावा. काम बंद पडल्यास जागा वनखात्यानें परत घ्यावी, हें आम्हीं आपणहून घातलें. शेवटच्या परिच्छेदांत, उरलेल्या माळावर वनखातें सांगेल तीं झाडें गांवचे माजी सैनिक लावतील आणि राखतील, असें लिहिलें. सभागृह गेलें, वसतिगृह गेलें, गाळेही गेले. सुभेदाराच्या चेहऱ्यावर त्याचें वाईट वाटणें स्पष्ट दिसत होतें आणि त्याची समजूत घालण्याचा प्रयत्न मीं केला नाहीं.

सही करण्यापूर्वीं त्यानें अर्ज पुन्हा एकदां सावकाश वाचला. 'माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठीं दवाखाना' या ओळीवर तो थांबला. माझी लेखणी मागून घेऊन त्यानें ती ओळ खोडली. म्हणाला, "सरकारी दवाखान्याच्या दारांत आमच्या विधवा बायकांना घ्यायचं आणि गुराख्याच्या पोराला परत लावायचं, हें मला जमणार नाहीं." आणि वरच्या मोकळ्या जागेंत त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलें: 'साऱ्या गावासाठि'.

अनुस्वार दोन्ही गाळले होते आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व होती. मीं तें तसेंच राहूं दिलें.