शिक्क्यावरचा ‘धर्मा’

सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका अज्ञात बेटावर कोसळते. वाचलेल्या प्रवाशांच्या हळूहळू लक्षात येते की हे बेट साधे नाही. इथे धुराचा राक्षस फिरतो आणि माणसे म्हातारी न होता राहतात. ‘लॉस्ट’ ही अमेरिकी मालिका एबीसी वाहिनीवर सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि मे २०१० मध्ये संपली. तिच्या रहस्यांचा अर्थ लावण्याचा चाहत्यांचा उद्योग मात्र त्यानंतरही चालूच राहिला. हा उद्योग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. करमणुकीसाठी टीव्हीसमोर बसलेला सामान्य अमेरिकी प्रेक्षक या मालिकेपायी इजिप्त, ग्रीस आणि बायबल यांच्या कथा उपसू लागला, आणि त्या व्यासंगाचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

२००६ मध्ये पडद्यावर एका भग्न पुतळ्याचे नुसते पाऊल दिसले, चार बोटांचे. तेवढ्यावरून तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले, हा कोल्ह्याच्या मुखाचा आनुबिस. कोणी मगरमुखी सोबेक म्हणाले. कोणी ऱ्होड्सच्या महामूर्तीपर्यंत पोहोचले. २००९ मध्ये उलगडा झाला की ती इजिप्तची तावरेत, गरोदर स्त्रियांचे रक्षण करणारी देवता. बेटावर गरोदर स्त्रिया दगावतात, हे कोडे आधीच पडलेले होते. आता त्याला पुराणकथेचा संदर्भ मिळाला. एका भागात भिंतीवरचा नकाशा काही क्षणच दिसतो. चाहत्यांनी चित्र थांबवून त्यावरची लॅटिन वाक्ये वाचली आणि ‘सेर्बेरस’ हा शब्द हुडकला. सेर्बेरस म्हणजे ग्रीकांच्या पाताळाच्या दारावरचा कुत्रा. तोच हा धुराचा राक्षस, असे अनुमान निघाले. याकोब आणि त्याचा वैरी भाऊ यांची मुळे बायबलमध्ये सापडली, हे सांगायलाच नको.

आता या बेटावरच्या संशोधन संस्थेचे नाव पाहा : ‘धर्मा इनिशिएटिव्ह’. कथेनुसार १९७० मध्ये मिशिगन विद्यापीठातील एका संशोधक जोडप्याने ती स्थापन केली आणि एका डॅनिश उद्योगपतीने तिला पैसा पुरवला. तिच्या माहितीपटातला शास्त्रज्ञ शेवटी ‘नमस्ते’ म्हणतो. तिचे बोधचिन्ह चिनी अष्टकोनी आहे. ही संस्था करते काय? ध्रुवीय अस्वले पिंजऱ्यात कोंडते, माणसांवर प्रयोग करते, वस्तीभोवती प्राणघातक कुंपण उभारते. तिच्या बिअरच्या डब्यांवरही हाच शिक्का आहे. धर्म छाप बिअर! योगाचा ‘योगा’ झाला तेव्हाच धर्माचा ‘धर्मा’ होणार हे दिसत होते; तो बिअरच्या डब्यावर जाऊन बसेल ही कल्पना तेवढी नवी. (मुख्य नटसंचात भारतीय वंशाचा चेहरा एकच, केरळी आई-वडिलांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेला नवीन अँड्र्यूज. त्याला भूमिका मिळाली ती इराकी सैनिकाची.)

खरा आक्षेप बिअरवर नाही, अर्थावर आहे. मालिकेला जोडून २००६ मध्ये काढलेल्या एका खेळात या नावाचा खुलासा आला. ‘धर्मा’ ही एका इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत आणि या शब्दाचा अर्थ ‘एकमेव सत्य मार्ग’ असाही होतो, असे त्यात सांगितले गेले. एकमेव! ज्या संकल्पनेने पुत्रधर्म, राजधर्म, आपद्धर्म असे भेद मानले, काळ आणि पात्र पाहून कर्तव्य ठरवायला शिकवले, जिचा उगमच ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूत आहे, तिच्या गळ्यात ‘एकच मार्ग, बाकी सारे चुकीचे’ ही परक्या परंपरेची माळ घालण्यात आली. धर्म म्हणजे ‘रिलिजन’ हे समीकरण इंग्रजी अमदानीत आपल्या माथी मारले गेले. इथे एकविसाव्या शतकात त्याचीच नवी आवृत्ती निघाली.

आकड्यांचेही तसेच. बेटावर ४, ८, १५, १६, २३ आणि ४२ हे सहा आकडे दर १०८ मिनिटांनी यंत्रात भरावे लागतात. त्यांची बेरीजही १०८ होते. जपमाळेच्या मण्यांकडे लक्ष वेधणारे चाहते निघाले, हे त्यांना शोभणारेच. मालिकेने मात्र तो धागा पुढे नेला नाही. शेवटच्या भागातल्या चर्चच्या रंगीत काचेत क्रूस, चंद्रकोर, दाविदाचा तारा, बौद्धांचे चक्र आणि चिनी यिन-यांग यांच्या रांगेत आपला ॐ चमकतो. चमकण्यापलीकडे त्याला काम नाही.

यावर आपल्याकडचे पुरोगामी म्हणतील, शब्द कोणाच्या मालकीचे नसतात. मान्य. पण तावरेतला गर्भाचे कोडे मिळाले, याकोबाला भावाचे वैर मिळाले, सेर्बेरसला राखणदारी मिळाली. ज्याचे नाव संस्थेच्या पाटीवर कोरले, त्या धर्माला कथेत जागा का मिळू नये? आणि कथा काही दुर्मीळ नव्हती.

वनपर्वात तहानेने व्याकूळ झालेले चार पांडव एका सरोवराकाठी एकामागून एक कोसळतात. पाण्याचा राखणदार अदृश्य आहे. आधी प्रश्नांची उत्तरे द्या आणि मग प्या, ही त्याची अट. युधिष्ठिर उत्तरे देतो. एकच भाऊ जिवंत होईल असे कळल्यावर तो भीमार्जुनांना सोडून नकुलाला मागतो, कारण कुंतीचा एक पुत्र उरला आहे, माद्रीचाही एक उरला पाहिजे. मग राखणदार आपली ओळख सांगतो. तो धर्मच असतो. निर्जन स्थळ, निष्प्राण सोबती, परीक्षा घेणारा रक्षक : याहून रहस्यमय ते काय असावे?

कुत्र्याचा मागही आपल्याकडे अधिक दूर जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे उभे आहेत, सरमेचे पुत्र. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या निरपराध पिल्लाला मारतात आणि ती शाप देते. महाप्रस्थानात युधिष्ठिरामागे अखेरपर्यंत चालतो तो कुत्राच. त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो, आणि तो कुत्रा म्हणजे धर्म ठरतो. पुढे स्वर्गारोहणपर्वात मायेचा नरक सरल्यावर सारे आप्त पुन्हा भेटतात. ‘लॉस्ट’चा शेवट आठवावा : नायक जॅक मरणासन्न पडला आहे, व्हिन्सेंट नावाचा कुत्रा येऊन त्याच्याशेजारी बसतो, आणि मृत्यूपलीकडच्या जगात सारे सोबती एकत्र जमतात. निर्मात्यांनी हे महाभारतातून उचलले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण ‘शेवट कळलाच नाही’ म्हणून चडफडणाऱ्या प्रेक्षकांना हे उत्तर कोणी दिले असते, तर त्यांनी ते आनंदाने स्वीकारले असते.

द्यायचे कोणी? इथे बोट स्वतःकडे वळवावे लागते. ‘धर्मा’च्या निषेधाची पत्रके काढायला आपल्याकडे हात कमी पडणार नाहीत, पण नकुलाची निवड का झाली हे मुलांना सांगणारे घर शोधावे लागेल. ‘पुराणातली वांगी पुराणात’ म्हणत दोन पिढ्यांनी पोथ्या माळ्यावर टाकल्या. त्याच घरांतली मुले पुण्यात काय किंवा न्यू जर्सीत काय, सेर्बेरस ओळखतात आणि सरमा म्हटले की गप्प बसतात. कीर्तन-प्रवचनाला येणारा श्रोता शंका विचारीत असे; आज पुराणकथेला शंका विचारली की काहींच्या भावना दुखावतात आणि काहींना ती कथाच हास्यास्पद वाटते. वाचणारा दोन्हीकडे नाही.

चित्र थांबवून एकेक अक्षर वाचणाऱ्या त्या परदेशी चाहत्यांचे नवल करणाऱ्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे जावे. तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले ते १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९४३ पर्यंत, आपल्या निधनापर्यंत, ते वाहिले. हजाराहून अधिक हस्तलिखिते श्लोकाश्लोकाने पडताळली गेली. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची घराघरांतली लाडकी कथासुद्धा पुराव्याला उतरली नाही, तेव्हा तिला मूळ संहितेबाहेर ठेवण्यात आले. आणि हे करणारे पंडित संध्यावंदन करणाऱ्या परंपरेतूनच आलेले होते. त्या आवृत्तीचे खंड आजही मिळतात. शाखेच्या बौद्धिकात, गणेशोत्सवाच्या मंडपात, सुट्टीतल्या शिबिरात वनपर्वाचा तो सरोवराचा प्रसंग एकदा मुलांपुढे ठेवावा, आणि राखणदार कोण हे लगेच सांगू नये.