दुधाचा टँकर ओव्हरलोड निघाला, तर जादा दूध उतरवायचं कुठं?

कुरुंदवाड आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांत सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध जमा होतं. ते थंड करून पुढे टँकरनं शहरांकडं जातं. डेअरीत हिशोब लिटरचा असतो, रस्त्यावर कायदा मात्र किलो मोजतो. घोळ इथंच सुरू होतो.

एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. म्हणजे १०,००० लिटर दुधाचं वजन झालं १०,३०० किलो.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत नेलं. पण यात रिकाम्या गाडीचंही वजन आलं. टाकीसकट गाडी ८ टनांची असेल, तर दुधासाठी उरतात १०.५ टन, म्हणजे सुमारे १०,२०० लिटर. शिवाय तपासणीत आरसीवर नोंदलेलं वजनच धरलं जातं.

मर्यादा ओलांडली तर? २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मधला दंड २,००० वरून २०,००० रुपये झाला. वर प्रत्येक जादा टनाला १,००० ऐवजी २,००० रुपये. जागेवर तडजोडीनं किती घ्यायचे, हे राज्य सरकार ठरवतं.

खरी अडचण पुढे आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. वाळू, विटा रस्त्याकडेला उतरवता येतात. दुधासाठी दुसरा स्वच्छ टँकर मागवावा लागतो, आणि तोवर दूध ४ अंशांच्या आसपास टिकवावं लागतं.

मग टँकर अर्धाच भरायचा का? तेही धोक्याचं. अर्धवट टाकीत दूध हिंदकळतं आणि वळणावर गाडीचा तोल जाऊ शकतो. टाकीत कप्पे आणि आडवे पत्रे असतात ते यासाठीच.

म्हणून प्रश्न सुटतो तो टँकर भरतानाच. दूध मोजूनच भरतात, त्यामुळे वजन निघण्याआधीच कळू शकतं. तरीही हिवाळ्यात म्हशींचं दूध वाढलं आणि भाडं लिटरवर ठरलेलं असलं, की चार लिटर जास्त भरायचा मोह होतो. कलम १९४ फक्त ड्रायव्हरला धरत नाही, अशी गाडी चालवायला लावणाराही त्यात येतो. पण ई-चलान गाडीच्या नंबरवर निघतं. टँकर भाड्याचा असेल, तर भुर्दंड मालकाला, ताटकळणं ड्रायव्हरला आणि नासलेल्या दुधाचा फटका शेवटी उत्पादकाला. टँकर किती भरायचा हे ठरवणारा मात्र यात कुठंच दिसत नाही.